साधी घ्यावी की ‘पॉवर’वाली?

गाडी घ्यायची ठरते. कोणती घ्यायची तेही ठरते. रंगावरून घरात दोन दिवस वाद होतो आणि मिटतो. आणि मग शोरूममधला विक्रेता हळूच नवा प्रश्न टाकतो, ‘साहेब, साधी बघताय की टर्बो?’ दिसायला दोन्ही गाड्या सारख्याच. एकीच्या मागच्या झाकणावर दोन अक्षरे जास्त, चाके जरा मोठी, आत सीटला लाल दोऱ्याची शिलाई. किमतीत मात्र दोन-चार लाखांचा फरक. मुलगा वडिलांकडे बघतो, वडील हप्त्याच्या कागदाकडे बघतात. खरीखुरी स्पोर्ट्स कार असेल तर हा फरक आणखी कितीतरी लाखांनी फुगतो, पण प्रश्न तोच राहतो. या जादा पैशांत नेमके काय मिळते, आणि जे मिळते ते आपल्या रस्त्यावर वापरता येते का?

आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. बोलताना मात्र आपण अजून नगरच म्हणतो, मीही तसेच म्हणणार आहे. तर नगरच्या माणसाला गाड्यांचा विषय परका नाही. संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास आस्थापना, जिला सगळे व्हीआरडीई म्हणतात, ती इथेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमाप्रमाणे, देशात विकायच्या गाडीचा नमुना आधी ज्या संस्थांकडून तपासून घ्यावा लागतो, त्यांत पुण्याच्या एआरएआयबरोबर नगरच्या या संस्थेचेही नाव आहे. म्हणजे माहितीपत्रकात छापलेली अश्वशक्ती ही विक्रेत्याच्या मनची नसते. आकडा खरा असतो. तो वाचायचा कसा, हे मात्र आपल्याला कोणी सांगत नाही.

अश्वशक्तीचा नुसता आकडा फसवा असतो. ती किती वजनाला वाटून घ्यायची आहे, हे बघावे लागते. चिलखती दळाचे शिक्षण केंद्र असलेल्या या गावात रणगाड्यांचेच उदाहरण घेऊ. आपल्या लष्कराच्या टी-७२ रणगाड्याचे वजन साधारण साडेएकेचाळीस टन आणि इंजिन ७८० अश्वशक्तीचे. म्हणजे टनामागे सुमारे १९ अश्वशक्ती. टी-९० चे वजन साडेशेहेचाळीस टन, इंजिन १००० चे, टनामागे साडेएकवीस. अर्जुन रणगाड्याला १४०० अश्वशक्तीचे इंजिन आणि वजन साडेअठ्ठावन्न टन, म्हणजे टनामागे जवळजवळ २४. पुढे अर्जुनची सुधारलेली आवृत्ती आली, मार्क-१ ए. तिच्यात कितीतरी नव्या गोष्टी बसवल्या, वजन अडुसष्ट टनांच्या वर गेले, इंजिन मात्र तेच १४०० चे. टनामागचा आकडा वीस-साडेवीसवर उतरला. वरची आवृत्ती प्रत्येक बाबतीत वरची असतेच असे नाही, हे इथे दिसते. मोटारीतही सनरूफ, मोठी चाके, जाड सीट घालून वजन वाढवलेले ‘टॉप मॉडेल’ इंजिन तेच असेल तर साध्या मॉडेलपेक्षा किंचित मंदच असते. दिखाव्याची वरची आवृत्ती वेगळी आणि ताकदीची वरची आवृत्ती वेगळी. शोरूममध्ये दोन्हींना एकाच दमात ‘टॉप’ म्हणतात.

आता हाच हिशेब मोटारींना लावू. पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात फोक्सवॅगनची पोलो गाडी २००९ च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत तयार होत होती. आपल्या जिल्ह्यात अजून भरपूर आहेत. तिच्या शेवटच्या काळातल्या साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद ७६ अश्वशक्ती, आणि तेवढ्याच एक लिटरच्या पण टर्बो लावलेल्या इंजिनाची ११०. गाडी टनभर वजनाची. चार माणसे आणि सामान चढले की सव्वा-तेराशे किलो. म्हणजे साध्या पोलोला भरल्या गाडीत टनामागे साठच्या आत अश्वशक्ती मिळते, टर्बोला ऐंशीच्या आसपास. दुसऱ्या टोकाला पोर्श ९११. २०१९ साली आलेल्या पिढीतल्या साध्या ९११ कॅरेराला ३८५ अश्वशक्ती आणि तिच्या ‘एस’ आवृत्तीला ४५०. वजन दोन्हींचे दीड टनाच्या आसपास. टनामागे अडीचशे आणि तीनशे! तुलनेसाठी सांगतो, पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर वीस टन ऊस ओढतो तेव्हा त्याच्या वाट्याला टनामागे अडीच येते, आणि तोही कारखान्यापर्यंत पोचतोच.

या पोर्शच्या दोन आवृत्त्यांकडे जरा थांबून बघण्यासारखे आहे, कारण साधी आणि वरची यांतला फरक इतका स्वच्छ क्वचित दिसतो. दोन्हींचे इंजिन एकच, तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे, दोन टर्बोंचे. टर्बो म्हणजे लोहाराचा भाताच समजा. धुराच्या जोराने एक पंखा फिरतो, त्याला जोडलेला दुसरा पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो, आणि जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल जळते. ‘एस’मध्ये हा भाता मोठा आहे. उभ्या गाडीने ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला साधीला ४.२ सेकंद लागतात, ‘एस’ला ३.७. कमाल वेग साधीचा २९३, ‘एस’चा ३०८. आपल्या राज्यात मोटारीला कायद्याने सर्वांत जास्त वेग मिळतो तो समृद्धी महामार्गावर, ताशी १२०. कोपरगावच्या बाजूने तो आपल्या जिल्ह्यातूनही जातो. म्हणजे जिथे १२० च्या पुढे जायचेच नाही तिथे २९३ आणि ३०८ यांतला फरक विकत घ्यायचा. उरला अर्धा सेकंद. पण ‘एस’बरोबर आणखी एक गोष्ट येते, जिची जाहिरातीत फारशी चर्चा नसते. तिच्या ब्रेकच्या चकत्या साधीच्या ३३० ऐवजी ३५० मिलिमीटरच्या असतात. मला विचाराल तर त्या वीस मिलिमीटरना त्या पासष्ट अश्वशक्तींपेक्षा जास्त अर्थ आहे, निदान घाट उतरताना.

कोणी म्हणेल, नगरमध्ये पोर्श घेणारे किती? खरे आहे. पण आपल्याकडे स्पोर्ट्स कारची हौस नेहमीच्याच गाडीच्या जोरदार आवृत्तीवर भागवली जाते. २००१ मध्ये फियाटची पॅलिओ आली तेव्हा तिचे १.२ आणि १.६ लिटरचे प्रकार होते, आणि १.६ वर सचिन तेंडुलकरच्या नावाने ‘एस-१०’ अशी खास आवृत्तीही निघाली होती. ७३ ची साधी आणि १०० ची जोरदार. पंपावर मात्र त्या १०० ची किंमत मोजावी लागे. पुढे फियाटची कार रांजणगावला, म्हणजे आपल्या नगर-पुणे रस्त्यावरच, तयार होऊ लागली. तिथूनच २०१५ मध्ये अबार्थ पुंटो निघाली. साधी १.२ लिटरची पुंटो ६८ अश्वशक्तीची, ही १४५ ची, आणि शोरूम किंमत दहा लाखांच्या आत. साध्या पुंटोला मागे ड्रम ब्रेक, अबार्थला चारही चाकांना डिस्क. वरची आवृत्ती काढावी तर अशी. पण त्याच गाडीची जमिनीपासूनची उंची १५५ मिलिमीटरवर आणली होती, साधीपेक्षा तीन-चार सेंटिमीटर कमी. गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि पावणेचार मीटर रुंद असावा असा इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक आहे. आपल्या गावोगावचे गतिरोधक बघितले तर तो दंडक वाचून कोणी बांधलेले दिसत नाहीत. चार माणसे बसलेली अबार्थ अशा ठिकाणी तिरकी करूनच काढावी लागते. शिवाय फियाटने पुढे भारतात मोटारी विकणेच बंद केले, त्यामुळे थोड्याच निघालेल्या आवृत्तीचे खास सुटे भाग शोधत फिरणे हा मालकांचा जोडधंदा झाला. जुनी घेताना हे लक्षात असू द्यावे.

उलट बाजूचे उदाहरण चाकणचेच. २०२२ मध्ये आलेल्या व्हर्टसला एक लिटरचे ११५ अश्वशक्तीचे आणि दीड लिटरचे १५० चे, अशी दोन टर्बो इंजिने मिळाली. दीड लिटरची ‘जीटी’ ओढायला फार सुंदर गाडी. पण मागचे ब्रेक आले तेव्हा दोन्हींना ड्रमचेच होते. ताकद पस्तीसने वाढली, थांबवायचे साधन तेच राहिले. आणि मग आपल्या शेजारी संभाजीनगरच्या शेंद्र्याला कारखाना असलेली स्कोडा. तिच्या ऑक्टाव्हियाची ‘आरएस’ आवृत्ती २००४ च्या सुमारास इथे आली ती १५० अश्वशक्तीची, युरोपात तोच बिल्ला १८० च्या गाडीवर होता. २०१७ ची २३० ची, किंमत साडेचोवीस लाखांच्या वर. २०२० मध्ये २४५ ची आली, मोजून दोनशे गाड्या, आणि किंमत जवळजवळ छत्तीस लाख. पंधरा अश्वशक्तींना अकरा लाख? तसे नव्हे. दुसरी गाडी तयार स्थितीत परदेशातून आणलेली होती, त्यामुळे त्या अकरा लाखांत सीमाशुल्काचा वाटा मोठा होता. वरच्या आवृत्तीची किंमत बघताना तिच्यात यंत्र किती आणि कर किती, हे वेगळे काढायची सवय लावून घ्यावी.

हा सगळा काथ्याकूट कशासाठी, ते आता सांगतो. ताकदीची खरी गरज कुठे पडते? पुण्याला जाताना नाही. मधला साठ किलोमीटरचा मोकळा पट्टा ताशी ८० ऐवजी १०० ने गेलात तर नऊ मिनिटे वाचतात, आणि ती वाघोली एका सिग्नलला परत घेते. शिवाय शंभरने दोन्ही आवृत्त्या जातात. गरज पडते ती ओव्हरटेक करताना.

आपला जिल्हा उसाचा. प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० मध्ये निघाला तेव्हापासून गळीत हंगामात आपले रस्ते उसाच्या वाहनांचे असतात. दोनपदरी रस्ता आहे, पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ताशी पंचवीसने चालला आहे. त्याच्या मागून निघून, त्याची लांबी ओलांडून, पुढे सुरक्षित अंतर सोडून परत डावीकडे यायचे तर त्याच्या तुलनेत पन्नास मीटर जास्त कापावे लागतात. भरलेल्या साध्या छोट्या गाडीला याला सात सेकंद लागतात असे धरू, चांगल्या पिकअपच्या गाडीला पावणेसहा. समोरून ताशी ऐंशीने कोणी येत असेल तर साध्या गाडीला निघताना सुमारे अडीचशे मीटर रस्ता मोकळा हवा, जोरदार गाडीला सव्वादोनशेच्या आत पुरतो. पस्तीस-चाळीस मीटरची ही शिल्लक म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या दोन लांब्या. त्यात समोरचा दुचाकीवाला वाचतो. करंजी घाटात किंवा इमामपूर घाटात, एसी चालू, मागे तीन माणसे, तेव्हा साठ अश्वशक्तींची टनामागची गाडी खरोखर कमी पडते. तिथे टर्बोला मोजलेले पैसे हौसेचे नाहीत, सुरक्षिततेचे आहेत.

माझे मत असे, की भरल्या गाडीत टनामागे पंच्याहत्तर-ऐंशी अश्वशक्तीपर्यंत जे पैसे लागतील ते जरूर घालावेत. त्यापुढची प्रत्येक अश्वशक्ती ही आवड. आवडीला माझी ना नाही, पण तिला गरज म्हणून घरच्यांच्या गळ्यात मारू नये. पोर्शची साधी आवृत्ती ही रेषा तिप्पट ओलांडून पुढे गेलेली असते. तिथे साधीच घ्यावी, आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर घ्यावेत.

कारण त्याच रस्त्यावर रात्रीचा हिशेब वेगळा आहे. त्याच ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. समोरून वाहन येते आहे म्हणून तुम्ही डिपर दिला आहे. डिपरवर साधारण पन्नास-साठ मीटर दिसते. ताशी ८० ला, संकट दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला, तर चांगल्या टायरची गाडी कोरड्या रस्त्यावर त्रेपन्न मीटरवर उभी राहते. ताशी १०० ला शहात्तर मीटर लागतात. १२० ला शंभरच्या वर. वेग दीडपट झाला की ब्रेकने खायची ऊर्जा सव्वादोनपट होते, आणि इथे तुमच्या टर्बोचा काडीचा उपयोग नाही. पिकअप चांगले असले की नकळत वेग ऐंशीवरून शंभरला जातो, आवाजही होत नाही. म्हणजे दिवसा ज्या आवृत्तीने चाळीस मीटर मिळवून दिले, तीच रात्री तेवीस मीटर कधी काढून घेते ते कळत नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्श टायकानच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. गाडीचे पासिंगही पूर्ण झालेले नव्हते आणि गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असे पोलिसांनी सांगितले. टायकान विजेवर चालते. तिला गिअरची, टर्बो फिरू लागण्याची वाट बघावी लागत नाही, पाय दाबला की सगळी ताकद त्याच क्षणी चाकाला मिळते. तिची सर्वांत साधी आवृत्तीसुद्धा साडेपाच सेकंदांच्या आत शंभरला पोचते. अशा गाड्यांच्या बाबतीत साधी आवृत्ती म्हणजे सौम्य आवृत्ती, असा समज कोणीही करून घेऊ नये. किल्ली कोणाच्या हातात जाणार हा प्रश्न आवृत्तीच्या आधी येतो.

पैशांचे दोन-तीन बारकावे विक्रेता आपण होऊन सांगत नाही, ते उरकून घेतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून, लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर मोटारीवर जीएसटी १८ टक्के, नाहीतर ४० टक्के. त्यामुळे छोट्या गाडीत एक लिटरचा टर्बो घेतला तर ताकद वाढूनही कर १८ टक्केच राहतो, दीड लिटरचे इंजिन घेतले की एकदम ४० चा. आपल्या राज्यात पेट्रोल गाडीचा रस्ता कर दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाख १२ टक्के आणि वर १३ टक्के, तोही पूर्ण किमतीवर. नऊ लाख नव्वद हजारांची गाडी सोडून दहा लाख वीस हजारांची घेतली, तर तीस हजारांच्या फरकावर साडेतेरा हजार कराचेच वाढतात. विमाही किमतीबरोबर चढतो. आणि वरच्या आवृत्तीच्या मोठ्या चाकांचे कमी जाडीचे टायर महाग तर असतातच, पण पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यात आधी टायर फुटतो आणि मग रिम वाकते. नगर-मनमाड रस्त्याने ये-जा करणाऱ्यांना याची फोड करून सांगायला नको.

टर्बोच्या बाजूने मात्र एक गोष्ट नगरसाठी खास सांगायला हवी. आपले शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचावर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के विरळ, म्हणून साध्या इंजिनाची ताकद तेवढ्या प्रमाणात घटते. ७६ ची गाडी इथे सत्तर-एकाहत्तरचीच असते. टर्बोचा भाता ही तूट बरीचशी भरून काढतो. पेट्रोलचे काय? २०२५ मध्ये देशात पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले, आणि ते आपल्यासारख्या जिल्ह्यांतल्या उसातूनही येते. इथेनॉलने ऑक्टेन वाढते, ते टर्बोला मानवते, पण लिटरमागे उष्णता सहा-सात टक्के कमी मिळते, म्हणून मायलेज थोडे उतरते. २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या मात्र २० टक्के मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या. जुनी पोलो जीटी किंवा अबार्थ घेणार असाल तर पेट्रोलच्या झाकणाच्या आतला कागद आणि पुस्तिका वाचावी, आणि रबरी नळ्या मेकॅनिककडून बघून घ्याव्यात.

आता चाचणीची फेरी. शोरूमवाला तुम्हाला एकट्याला, रिकाम्या रस्त्यावर, साधीनंतर लगेच टर्बो चालवायला देतो. अशाने टर्बोच आवडणार, दुसरे काही होणारच नाही. आधी टर्बो चालवावी आणि मग साधी. घरची चार माणसे बसवावीत, एसी चालू ठेवावा आणि चढ असलेल्या रस्त्याला न्यावी. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ताशी तीसवरून सत्तरवर जायला दोन्हींना किती वेळ लागतो, तो मागे बसलेल्याने घड्याळावर मोजावा. एकदा मोकळ्या जागी, मागे कोणी नाही हे बघून, जोरात ब्रेक दाबून बघावा. येताना एखाद्या गावातल्या गतिरोधकावरून चार माणसांसकट न्यावी, तळ घासतो का ते ऐकावे. आणि परत आल्यावर दोन्ही आवृत्त्यांच्या चार टायरची किंमत, ब्रेकच्या पॅडची किंमत आणि दोन्हींचा विम्याचा आकडा एकाच कागदावर लिहून मागावा. विक्रेता टाळाटाळ करतो. तरी मागावाच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)